वृद्धसेवा आणि पंगतीतील न्याय
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने आम्हांस दयाधर्म ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली होती. विषय मोठा, वेळ थोडा. शिवाय वक्त्याने दयाधर्माची स्तुती करावी आणि श्रोत्यांनी माना डोलवाव्या, ह्या प्रकारात वक्त्यास श्रम अल्प आणि श्रोत्यांस तोशीस मुळीच नाही. म्हणून समितीची अनुमती घेऊन आम्ही विषय आवळून घेतला आहे. ह्या महोत्सवाचे स्मारक म्हणून आपल्या धर्मग्रामात वृद्धांसाठी जो आश्रम उभा राहात आहे, त्यात कोणास घ्यावे, आत आलेल्यांशी कसे वागावे आणि कारभार कोणाच्या हाती असावा, एवढेच आज बोलावयाचे आहे.

आश्रमाच्या नियमांचा मसुदा तयार झाला आहे व तो आपणांपैकी पुष्कळांनी वाचला असेल. त्यातील तीन कलमांचा मतलब असा : प्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा, प्रवेश घेताना अनामत रक्कम भरावी, आणि व्यवस्थापक मंडळ मोठ्या देणगीदारांतून निवडावे. मसुदा करणारी मंडळी आमची स्नेही आहेत. त्यांचा हेतू शुद्ध आहे, आणि जागेच्या कागदपत्रांसाठी त्यांनी कचेऱ्यांचे किती उंबरे झिजविले हे आम्ही पाहिले आहे. तरीही ही तीनही कलमे आम्हांस मान्य नाहीत, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. म्हणजे पुढील बोलणे कोणीकडे चालले आहे ह्याचा तर्क करीत बसण्याचे कारण उरणार नाही.

शिष्यमंडळीत पहिली नोंदलेली कुरकुर कशावरून झाली, हे आपणांस आठवते काय? ती धर्मसिद्धांतावरून झाली नाही, उपासनेच्या विधीवरूनही नाही. ती झाली म्हाताऱ्या बायकांच्या जेवणावरून. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हा वृत्तांत आहे. यरुशलेमेतील मंडळीत रोजची वाटणी होत असे. त्या मंडळीत दोन भाषांचे लोक होते : काही इब्री बोलणारे, तेथलेच, काही ग्रीक बोलणारे, बाहेरून आलेले. ग्रीक बोलणारांनी तक्रार केली की, रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते. ह्या विधवा तेथे आल्या कशा? शास्त्रपंडित असा तर्क करतात की, परमुलखात आयुष्य काढलेले पुष्कळ यहूदी उतारवयात पवित्र नगरीत देह ठेवावा म्हणून यरुशलेमेस येत. नवरा आधी जाई, आणि परक्या भाषेची विधवा, ना भाऊ ना भाचा अशी, मागे राही. उपेक्षा कोणी मुद्दाम केली असे लूक म्हणत नाही. वाढणारे इब्री होते, त्यांच्या ओळखीच्या आज्या इब्री होत्या, आणि कोपऱ्यात बसलेली म्हातारी काय पुटपुटते हे त्यांस कळत नव्हते, एवढ्यानेही हे घडू शकते. वाढणारा आपला असला म्हणजे पंगतीत कोठेही बसले तरी चालते, असे आपल्याकडे म्हणतातच. त्याचा उलट अर्थही तितकाच खरा, पण तो कोणी बोलून दाखवीत नाही.

आता प्रेषितांनी काय केले ते पाहावे. त्यांनी कुरकुर करणारांस दटावले नाही. 'आम्हांस सर्व सारखेच' असा ठराव करून तो भिंतीवर लावला नाही. त्यांनी मंडळीस सात माणसे निवडावयास सांगितली व वाटणीचे काम त्यांच्या हवाली केले. त्या सातांची नावे लूकने दिली आहेत : स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत! कोणी अभ्यासू श्रोता म्हणेल की आंद्रेय हेही ग्रीकच नाव आणि तो तर गालीलातला कोळी. नुसत्या नावावरून माणसाचे कूळ ठरत नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु सातांपैकी सात, आणि त्यातला शेवटचा तर जन्माने यहूदीही नव्हे, हा योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे. ज्यांच्या आज्या उपाशी राहिल्या त्यांच्याच हाती पळी दिली गेली. आमच्या आजच्या सर्व बोलण्याचा पाया हाच आहे : दार सर्वांस उघडे करणे हे अर्धे काम होय, पळी कोणाच्या हाती आहे ते पाहणे हे उरलेले अर्धे.

ही व्यवस्था दोन दिवसांची नव्हती. इ. स. २५१ च्या सुमारास पोप संत कॉर्नेलियस ह्यांनी लिहिलेल्या एका पत्रात रोमच्या ख्रिस्तसभेची मोजदाद आहे; तीत ४६ धर्मगुरू, ७ डीकन, आणि पंधराशेहून अधिक विधवा व दीनदुबळे, ज्यांचे पोषण ख्रिस्तसभा करीत होती, असा हिशेब आहे. छळाचा काळ, अधिकृत मंदिर एक नाही, आणि पदरी पंधराशे माणसे! आपल्या आश्रमात किती खाटा मावतील ह्याची आपण चिंता करतो, म्हणून हा आकडा सांगितला.

परंतु पुढील शतकांत दार व पळी ह्यांची फारकत झाल्याची उदाहरणेही आहेत, आणि ती आपल्या अंगणातलीच आहेत. वसईच्या किल्ल्यात आपण पडक्या मंदिरांच्या भिंती पाहतो. पोर्तुगीजांच्या अमलात, म्हणजे १५३४ ते १७३९ ह्या काळात, तेथे मिझेरिकॉर्दिया नावाच्या बंधुसंघाचीही वास्तू होती. हा दयेचा बंधुसंघ १४९८ मध्ये लिस्बन शहरी निघाला आणि पोर्तुगीज जेथे जेथे गेले तेथे तेथे तो गेला. आजाऱ्यांची शुश्रूषा, कैद्यांस अन्न, विधवा व अनाथ ह्यांचा सांभाळ, बेवारस प्रेतांस मूठमाती, ही सर्व कामे त्याने केली. ती थोर कामे होती, ह्यात शंका नाही. पण त्या संघाचा बंधू होण्यास 'निर्मळ रक्ता'ची अट असे, आणि बंधूंमध्येही कुलीन व कारागीर असे दोन वर्ग असत. दया घेण्यास सर्व पात्र. दयेचा कारभार पाहण्यास मात्र मूठभर. गोव्यात कित्येक गावांच्या बंधुसंघांत कोणत्या जातीने कोणता झगा घालावा व सणाचा मान कोणाचा, ह्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले, हे तर सर्वश्रुत आहे. पोर्तुगीज गेले, सवय सगळी गेली नाही.

ह्याच्या अगदी उलट मार्गाने गेलेली एक स्त्री होऊन गेली. तिची कथा आम्ही थोडी विस्ताराने सांगणार आहोत, कारण वृद्धसेवेच्या बाबतीत तिच्याएवढा अधिकार दुसऱ्या कोणास क्वचितच असेल.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात कांकाल नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तेथे २५ ऑक्टोबर १७९२ रोजी झान ज्युगां हिचा जन्म झाला. बाप मासेमारीस गेला तो समुद्रातून परत आला नाही. झान तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. आपल्या पाचूबंदरच्या वा अर्नाळ्याच्या भगिनींस ह्या एका वाक्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. सोळाव्या वर्षी ती एका सधन घरी स्वयंपाकघरात कामास राहिली. पुढे सँ सेर्वाँ नगराच्या रुग्णालयात शुश्रूषा केली, नंतर पुन्हा घरकाम. अशी सत्तेचाळीस वर्षांची ही मोलकरीण, १८३९ च्या हिवाळ्यात एका अंध व अर्धांगवायू झालेल्या वृद्धेस आपल्या भाड्याच्या बिऱ्हाडी घेऊन आली आणि आपली खाट तिला दिली. स्वतः माळ्यावर जाऊन निजली. मग दुसरी वृद्धा आली, तिसरी आली. मदतीस दोघी-चौघी बाया मिळाल्या. आणि त्यातून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर', म्हणजे गरिबांच्या धाकट्या बहिणी, हा धर्मभगिनींचा संघ निर्माण झाला. आलेल्या म्हाताऱ्या आधी स्वतः दारोदार भीक मागत. झान म्हणाली, तुमच्यासाठी मी मागेन; आणि टोपली घेऊन ती त्यांच्या नेहमीच्या दारांशी उभी राहू लागली. १८४५ मध्ये फ्रेंच अकादमीने तिला सद्‌गुणांबद्दलचे मोंतियों पारितोषिक दिले.

आता कथेचा दुसरा भाग, जो उत्सवी भाषणांत सहसा सांगत नाहीत. भगिनींनी झानला प्रमुख निवडले होते. १८४३ मध्ये पुन्हा तिचीच निवड झाली. तेव्हा संघाचे मार्गदर्शक असलेले ल पायर नावाचे धर्मगुरू ह्यांनी ती निवड रद्द ठरवून एका तेवीस वर्षांच्या भगिनीस प्रमुख नेमले, आणि काळाच्या ओघात आपणच संस्थापक आहोत असे जाहीर केले. १८५२ पासून झानला भिक्षेच्या कामावरूनही काढून मातृगृहात ठेवण्यात आले. तेथे ती सत्तावीस वर्षे राहिली. उमेदवार मुलींबरोबर काम करी, नव्या इमारतीच्या गवंड्यांचे काम पाही, काठी टेकीत बागेत फिरे. २९ ऑगस्ट १८७९ रोजी ती वारली, तेव्हा संघात सुमारे २४०० भगिनी होत्या. आणि त्यांतील अनेक तरुण भगिनींस ही म्हातारी आपली संस्थापिका आहे हे ठाऊकसुद्धा नव्हते. पुढे पवित्र पीठाने चौकशी करून १८९० मध्ये त्या धर्मगुरूंस पदावरून दूर केले. झानला १९८२ मध्ये धन्य व २००९ मध्ये संत घोषित करण्यात आले.

आम्ही स्वतः धर्मगुरू असल्यामुळे ह्या भागाकडे आमचे विशेष लक्ष जाते. जिने खाट दिली, जिने टोपली वाहिली, तिलाच मंडळातून काढले गेले. आणि काढणारा मनुष्य दुष्ट दरोडेखोर नव्हता, तर शिकलेला, बोलका, कागद लिहिता येणारा असा होता. संस्थांच्या कारभारात बहुधा असेच घडते. कष्ट मोलकरणीचे, सही शिकलेल्याची.

झानने केलेले एक काम मात्र कोणास पुसता आले नाही. १८६५ मध्ये संघापुढे प्रश्न आला की, कायम उत्पन्नाच्या देणग्या, ठेवी, जमिनी स्वीकाराव्या काय? म्हणजे निर्वाह निश्चित होईल. एरवी जिला कोणी विचारीत नसे त्या झानला त्या वेळी मंडळात बोलावून मत विचारले. तिने नको म्हटले, आणि संघाने तेच ठरविले. आजही ह्या भगिनी रोजच्या भिक्षेवर विसंबतात. आतिथ्याचे एक निराळे, चौथे व्रत त्या घेतात, आणि साठ वर्षांवरील गरीब वृद्धांस धर्म व वंश न विचारता आत घेतात. १८८२ मध्ये त्या कलकत्त्यास आल्या. मुंबईत अंधेरीस महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर त्यांचे वृद्धगृह आहे. आपल्यापैकी ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा जाऊन यावे, रिकाम्या हातांनी जाऊ नये.

तेव्हा अनामत रकमेचे कलम ह्या उजेडात वाचावे, अशी आमची विनंती आहे. खर्च भागविल्यावाचून आश्रम चालत नाही, हे आम्ही जाणतो. आम्ही झान ज्युगां नव्हे आणि हा धर्मग्रामही तिचा संघ नव्हे. ज्याची ऐपत आहे त्याने द्यावे, भरपूर द्यावे. पण प्रवेशाच्या दारातच रक्कम मागणे म्हणजे ज्यांच्यासाठी आश्रम काढला त्यांनाच प्रथम वगळणे होय. दारिद्र्यरेषेखालील वृद्धास राष्ट्रीय निवृत्तिवेतनात केंद्र सरकारचा वाटा दरमहा २०० रुपये मिळतो, ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर ५०० रुपये. त्यात राज्य भर घालते हे खरे. तरी अनामतीएवढी गंगाजळी त्यातून साठण्यास मथुशलहाचे आयुष्य लागेल. शिवाय रक्कम भरलेले व न भरलेले असे दोन वर्ग एकदा पडले, की एकास खिडकीजवळची खाट व दुसऱ्यास मोरीजवळची, हे ओघानेच येते. आम्ही ते इतरत्र पाहिले आहे. तेथे एकाच स्वयंपाकघरातून दोन प्रकारची ताटे निघत, आणि कोणते ताट कोणाचे हे स्टीलच्या चकाकीवरून ओळखू येई.

आता प्रवेशाचे कलम. आपल्या भोवतालचे वृद्ध कोण आहेत? २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे व त्यावरील माणसे देशात सुमारे १० कोटी ३८ लक्ष भरली, त्यात स्त्रिया पुरुषांहून अधिक. पण देश राहू द्या, आपल्या आळ्या पाहा. ज्या बंगल्यांत तीन पिढ्या नांदत होत्या तेथे आज आजीबाई एकट्या दिवा लावतात. मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात. त्यांच्याजवळ पैसा आहे, माणूस नाही. दुसऱ्या बाजूस कोळीवाड्यातले, ज्यांची पाठ जाळी ओढून वाकली. पूर्वपट्टीतले आदिवासी, ज्यांचा साठावा वाढदिवस कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही. अहिल्यानगर-जालन्याकडून बांधकामावर आलेली आणि येथेच थकलेली आपली धर्मबांधव मंडळी, ज्यांना कित्येकजण अजून 'घाटावरचे' म्हणून वेगळे गणतात. मंगळूर, गोवा, केरळहून आलेले. आणि आपल्या मंदिराच्या पायरीवर हात पसरून बसणाऱ्या त्या दोघी वृद्धा, ज्यांपैकी एकीच्या कपाळी कुंकवाचा जुना डाग आहे. ह्यांतून दाखल्याच्या चाळणीतून कोण कोण खाली पडेल, ते आपणच मोजावे. आदिवासी आजोबांचा बाप्तिस्मा झालेला असूनही दाखला मिळणार नाही, कारण कोणत्या मिशनात, कोणत्या साली, हे सांगणारे आता कोणी हयात नाही.

कोणी म्हणतील, आधी घरचे, मग दारचे. संत पौल तिमथ्याला लिहितो त्यातही मुलांनी व नातवंडांनी आधी घरच्या वडीलधाऱ्यांचे पाहावे असे आहेच. आहे, आणि विधवांच्या यादीत नाव घालण्यास साठ वर्षांची मर्यादाही त्याच अध्यायात आहे, योगायोगाने आपल्या सरकारचीही तीच आहे. पण ते वचन मुलांच्या अंगावर कर्तव्य घालते; परक्या म्हातारीपुढे दार लावून घेण्याची सनद ते देत नाही. उलट, आपल्या प्रभूने 'कुर्बान'ची जी निर्भर्त्सना केली ती ह्या महोत्सवाच्या वर्षी आपण सर्वांनी वाचावी. जे आईबापांच्या कामी यावयाचे ते देवाला वाहिले असे म्हणून हात झटकणारे तेव्हाही होते. मंदिराला संगमरवरी वेदी देणारे आणि आईला तीन भावांत महिनेवारीने फिरविणारे आजही आहेत. नावे घेण्याचे हे स्थळ नव्हे.

देशाचा कायदाही ह्या बाबतीत आपल्याहून उदार निघावा, ही गोष्ट बरी दिसत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा जो कायदा २००७ मध्ये झाला, त्यात निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० जणांची सोय होईल असे एक तरी वृद्धगृह असावे, असे राज्यांस सुचविले आहे. ज्येष्ठ नागरिक कोण, तर साठ वर्षे पूर्ण झालेला भारतीय. जात नाही, पंथ नाही. आणि पुण्यातील 'निवारा' ही वृद्धांची संस्था मूळची डेव्हिड ससून ह्या यहूदी गृहस्थांच्या नावाचे अनाथ पंगुगृह होय. पुण्यात यहूदी ते किती असतील! ते गृह त्यांच्यापुरते ठेवले असते तर बहुतेक खाटा रिकाम्या राहिल्या असत्या.

आता आत आल्यावरचा न्याय. ह्याविषयी बोलणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते, कारण प्रवेश एका दिवसाचा, राहणे मरेपर्यंतचे.

सर्वांस सारखे देणे आणि सर्वांस न्यायाने देणे ह्यांत अंतर आहे. दात असलेल्याला व दात गेलेल्याला एकसारखी कडक भाकरी वाढली, तर वाटणी समान झाली पण एक उपाशी उठला. ज्याने आयुष्यभर शेतात वा परसात बसण्याची सवय केली त्यास उंच कमोडावर चढविले तर तो लाजून पाणी पिणे सोडतो व आजारी पडतो. उलट ज्याचे गुडघे गेले त्यास कमोडावाचून गत्यंतर नाही. दोन्ही सोयी हव्यात, हे बांधकाम चालू आहे तोवरच सांगितले पाहिजे, कारण फरशी बसल्यावर कोणी ऐकत नाही. जेवणात सुके मासे असावेत. पण मांसाहार न करणाऱ्यासाठी भांडीही वेगळी असावीत, आणि त्याबद्दल त्याने उपकार मानावेत अशी अपेक्षा नसावी. बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याची खाट वेगळ्या पडवीत लावण्याचे काहीही वैद्यकीय कारण नाही, हे सेवकांस आधीच शिकवावे.

भाषेचा प्रश्न ह्या सर्वांहून नाजूक आहे. वैद्य सांगतात की स्मृतिभ्रंशात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी पुसली जाते आणि आईच्या तोंडची भाषा शेवटपर्यंत टिकते. एका संस्थेत एक वृद्धा दिवसभर काही बडबडत असे. परिचारिका दूरच्या प्रांतातल्या, मायाळू, पण त्यांस तो भ्रम वाटे आणि झोपेची गोळी देण्यात येई. एके दिवशी भाजी घेऊन आलेल्या एका बाईने ते ऐकले व ती खाटेशी बसली. म्हातारी आपल्या वारली बोलीत विचारीत होती की गुरे बांधली का, पाऊस येतो आहे. बाईने तिच्याच बोलीत सांगितले, बांधली. म्हातारी निजली. गोळी लागली नाही. आपल्या येथे सामवेदी आहे, वाडवळी आहे, कोळ्यांची आहे, वारली आहे, कोकणी आहे. प्रत्येक बोलीचे निदान एक माणूस आठवड्यातून दोनदा आश्रमात येऊन बसेल, इतके तर ह्या धर्मग्रामास अशक्य नाही. ह्यास पैसा लागत नाही म्हणूनच कदाचित मसुद्यात ह्याचा उल्लेख राहून गेला असावा.

उपासनेविषयी आमचे मत स्पष्ट आहे. आश्रमात प्रार्थनालय असेल, मिस्सा होईल, रोझरी होईल. परंतु खोलीखोलीत ध्वनिवर्धक लावून अनिच्छेने पडून असलेल्या माणसाच्या कानी प्रार्थना ओतणे ही सुवार्ता नव्हे. हिंदू आजीच्या उशाशी तिची देवाची तसबीर राहील, मुसलमान बाबांस नमाजापुरती स्वच्छ जागा मिळेल. आणि मरणानंतर दहन की दफन, कोणत्या विधीने, कोणाच्या हातून, हे प्रत्येकाकडून शुद्धीत असताना लिहून घ्यावे. मृत्युशय्येवरचा घाईचा बाप्तिस्मा, मागितल्यावाचून, आम्ही कोणास देणार नाही व देऊ देणार नाही.

एक गोष्ट राहिली, ती सेवा करणाऱ्यांची. म्हाताऱ्यांचे मलमूत्र कोण काढणार? मसुद्यात 'स्वच्छता-कर्मचारी बाहेरून घेण्यात येतील' एवढेच आहे. बाहेरून म्हणजे कोठून, हे सर्वांस कळते म्हणूनच कोणी लिहिले नाही. भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध करून ख्रिस्तसभेत जातिभेद चालतो हे उघड मान्य केले व तो पाप आहे असे सांगितले. ते धोरण आपल्या कपाटात आहे. आता ते बादलीपर्यंत यावे. बेडपॅनचे काम पाळीने सर्व सेवकांत वाटले जाईल, त्यास पूर्ण वेतन, हातमोजे व साप्ताहिक सुट्टी असेल, आणि सेवक व वृद्ध एकाच भोजनगृहात जेवतील. सेमिनरीत संडास धुण्याची पाळी सर्वांस येई, बिशपांच्या पुतण्यासही. त्याने कोणाचे पौरोहित्य अडले नाही.

तर आमच्या दुरुस्त्या अशा. बाप्तिस्म्याच्या दाखल्याऐवजी वय व गरज एवढेच पाहावे. अडचण पडल्यास ज्याला कोणीच नाही त्यास प्राधान्य. अनामतीचे कलम गाळावे, ऐपतदाराने स्वेच्छेने मासिक रक्कम द्यावी, आणि कोण किती देतो हे हिशेबनीसावाचून कोणास कळू नये. व्यवस्थापक मंडळाच्या अकरा जागांपैकी तीन आश्रमातील वृद्धांना, त्यांत निदान दोन स्त्रिया, एक सेवकांना, एक आदिवासी पाड्यांना, एक घाटावरून आलेल्या धर्मबांधवांना, एक अख्रिस्ती शेजाऱ्यांपैकी. उरलेल्या चार देणगीदारांसाठी आम्ही राखल्या आहेत, त्यांस हे अपुरे वाटल्यास त्यांनी आम्हांस येऊन भेटावे. धर्मगुरू अध्यक्ष असावा असे मसुद्यात आहे. तेही कलम गाळण्यास आमची संमती आहे, हिशेब तपासण्यापुरते आम्ही बसू. मंडळाच्या सभेची भाषा मराठी असावी, आणि ज्या वृद्धाला कागद वाचता येत नाही त्यास तो मोठ्याने वाचून दाखविल्यावाचून ठराव संमत होऊ नये.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात मूळ मसुदा व ह्या दुरुस्त्या दोन्ही शेजारी शेजारी मांडून मते घेतली जातील. सभागृहाच्या पायऱ्या उंच आहेत. तेव्हा ज्या वृद्धांस चढवत नाही त्यांच्यासाठी मतपेटी खाली आंब्याखाली ठेविली जाईल, आणि युवकांनी नऊ वाजता खुर्च्या घेऊन तेथे हजर राहावे.